ओठ वाचणाऱ्यांचं गाव

कॉलेजातलं तासिका तत्त्वावरचं काम सुटलं तेव्हा मी बेचाळिशीत होते. सतरा वर्षं इंग्रजी शिकवलं, दर जूनमध्ये नव्याने अर्ज केला, आणि एका जूनमध्ये तो घ्यायला कोणी बसलेलंच नव्हतं. नवरा चाकणला नोकरीला. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये उरलो मी आणि माझे वडील. त्यांना आम्ही नाना म्हणतो. आई गेल्यावर त्यांना सातपूरच्या घरातून आम्ही आमच्याकडे आणलं होतं.

नुसतं बसणं मला जमत नाही. पहिल्या महिन्यात सगळी कपाटं आवरून झाली, गॅलरीतल्या कुंड्या दोनदा इकडून तिकडे झाल्या. नानांचंही तेच. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या, आले की पेपर चाळून बाजूला, मग जिना उतरून खाली, परत वर. कधी कधी न सांगता बाहेर जायचे आणि जेवायच्या वेळेला उगवायचे. कुठे गेला होता विचारलं तर म्हणायचे, "इथंच." एका घरात दोन माणसं सारखी उठबस करत होती आणि एकमेकांशी धड चार वाक्यं बोलत नव्हती.

मग कॉलेजातल्या एका जुन्या सहकारी बाईंनी घरबसल्या करायचं काम सुचवलं. रेकॉर्डिंग ऐकायचं आणि शब्दन् शब्द टाइप करायचा. इंग्लंडच्या उत्तरेकडचं एक गिरण्यांचं गाव होतं. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी कोणीतरी घरोघरी जाऊन रेकॉर्ड केल्या होत्या. कॉम्प्युटर त्यांचा कच्चा मजकूर आपोआप काढायचा, पण त्या लोकांची बोली त्याला झेपत नव्हती. म्हणून माणसानं ऐकून दुरुस्त करायचं. काम घेताना मी सही केली आहे की गावाचं नाव आणि माणसांची नावं कुठे सांगणार नाही, म्हणून इथेही ती नाहीत.

पहिले चार दिवस मला काही म्हणता काही कळलं नाही. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली बाई, आणि एका म्हाताऱ्याचं अर्ध्या मिनिटाचं बोलणं वीस वेळा ऐकत होते. ते लोक 'द' म्हणतच नाहीत, त्या जागी जीभ टाळ्याला टेकल्याचा नुसता खटका ऐकू येतो. शब्दांच्या सुरुवातीचा 'ह' तर कधीच पडून गेलेला. मग एकदा मला आमचं गाव आठवलं. नाना निफाडकडचे. आजोळी-गावी सगळे 'हाय', 'नाय', 'लय' बोलणारे, आणि शाळेत मास्तर आम्हाला 'आहे' म्हणायला लावायचे. त्या दिवसापासून मी शुद्ध इंग्रजी कानातून काढून टाकलं आणि निफाडच्या बाजारात उभी असल्यासारखं ऐकायला लागले. हळूहळू बोलणं उलगडलं.

आणि त्यासोबत गाव. टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत ते वसलेलं. मधून छोटी नदी, तिच्या कडेने मालवाहू होड्यांसाठी खोदलेला कालवा. गिरण्या येण्याच्या आधी टेकड्यांवरचे शेतकरी मेंढ्या पाळायचे आणि घराच्या माडीवर एक हातमाग ठेवायचे. माडीला लांबच लांब खिडक्या, कारण विणायला उजेड लागतो. पाऊस तिथे बारा महिने भुरभुरतो. हवा दमट असली की सूत तुटत नाही, म्हणून कापसाच्या गिरण्यांना ती जागा मानवली. आधी पाण्यावर चालणाऱ्या, मग कोळशावर. मग धूर सोडणाऱ्या इतक्या चिमण्या उभ्या राहिल्या की एक आजोबा म्हणाले, लहानपणी आमचा समज होता की ढग गिरणीतच तयार होतात.

एकाला एक चिकटलेली दगडी घरं, काजळीने काळी पडलेली. आणि तरी तिथल्या बाया आठवड्यातून एकदा दारासमोरची पायरी दगडाने घासून पांढरी करायच्या. जिची पायरी काळी राहील तिच्याबद्दल गल्लीत कुजबुज. पहाटे एक माणूस लांब काठी घेऊन हिंडायचा आणि वरच्या मजल्याच्या काचांवर टकटक करून कामगारांना उठवायचा. मग लाकडी तळव्यांच्या बुटांचा आवाज सुरू व्हायचा, शेकडो माणसांचा, फरसबंदीवरून गिरणीकडे जाणारा. वर्षातून एक आठवडा सगळ्या गिरण्या एकदम बंद आणि अख्खं गाव समुद्रावर. एक आजी म्हणाल्या, त्या आठवड्यात जे घरी राहायचे त्यांना समोरची टेकडी दिसायची.

मी दिवसातले सहा-सात तास त्या गावात असायचे. कानाला हेडफोन, तोंड लॅपटॉपकडे, पाठ घराकडे. भाजीला उतरले तरी डोक्यात ते बुटांचे आवाज. त्या लोकांचा एक स्वभाव मला फार आवडायला लागला. मोठं दुःख सांगताना ते आवाज खाली आणतात आणि मध्येच एखादं कोरडं वाक्य टाकतात. नवरा खाणीतल्या अपघातात गेला ते सांगून झाल्यावर एक बाई म्हणाल्या, "तेवढ्यानं त्याचा खोकला थांबला." मुलाखत घेणारी मुलगी हसावं की नाही या पेचात पडल्याचं रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं.

घरात मात्र माझं आणि नानांचं बिनसत चाललं होतं. टीव्हीचा आवाज इतका मोठा की खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या. मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर उत्तर नाही. तिसऱ्या हाकेला मी वैतागून बाहेर आले की म्हणायचे, "ओरडतेस कशाला?" फोनवर माझ्या मुलीला "हो हो, बरं बरं" म्हणून फोन माझ्या हातात द्यायचे. तिने विचारलेलं असायचं, नाना, तुमची तब्येत कशी आहे. तिला वाटायला लागलं की आजोबांना आपल्याशी बोलायचं नसतं. मलाही तेच वाटत होतं.

एका सकाळी मी कुकर लावला आणि नानांना सांगितलं, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, माझी फाईल अकरापर्यंत द्यायची आहे. हेडफोन घातले आणि बसले. करपल्याचा वास आला तेव्हा उठले. नाना ओट्याला टेकून पेपर वाचत उभे होते. कुकर त्यांच्यापासून दोन हातांवर. किती शिट्ट्या होऊन गेल्या कोण जाणे. डाळीचा कोळसा झाला होता.

"तुम्ही इथे उभे आहात ना?" मी म्हणाले. "मुद्दाम करता का तुम्ही हे?"

त्यांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला ऐकायचंच नसतं. आईचंही कधी ऐकलं नाहीत, माझंही ऐकायचं नाही."

हे मी त्यांच्या अगदी समोर उभी राहून, एकेक शब्द तोडून बोलले. ते त्यांना पूर्ण पोचलं. त्यांनी पेपरची घडी घातली, चपला घातल्या आणि गेले.

दुपारी दोनपर्यंत आले नाहीत. मोबाइल घरातच टेबलावर. जॉगिंग ट्रॅक बघितला, देवळाचा पार बघितला. मग काही न सुचून रिक्षा केली आणि सातपूरला गेले, कारण दुसरी जागा माहीत नव्हती. आमच्या घरात भाडेकरू होते, तिथे ते गेले नव्हते. पुढे एमआयडीसीत, ज्या कंपनीत त्यांनी तीस वर्षं काढली तिच्या बंद गेटसमोर, चहाच्या टपरीच्या बाकावर ते बसलेले दिसले. शेजारी त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ. दोघांच्या हातात चहाचे ग्लास.

मी रस्त्याच्या या बाजूला थांबले, कारण नाना हसत होते. कितीतरी दिवसांनी. मधून टेम्पो, ट्रक, भरधाव मोटरसायकली. शेजारचे गृहस्थ उठून रस्ता ओलांडून माझ्या बाजूच्या दुकानात आले, आणि तिथूनही दोघांचं बोलणं चालू राहिलं. आवाज नव्हताच. नुसते ओठ हलत होते, मोठे मोठे, भुवया वर जात होत्या, एक हात छातीशी काहीतरी दाखवत होता. मला वाटलं, म्हातारपणी पोरकटपणा चालला आहे. खरं म्हणजे रागच आला. मी इथे घाबरी होऊन फिरते आहे आणि हे मजा करताहेत.

मी रस्ता ओलांडला, रिक्षा थांबवली आणि त्यांना बसवून घरी आणलं.

त्यानंतर तीन-चार दिवसांत एक नवी फाईल आली. ती नुसती आवाजाची नव्हती, व्हिडिओ होता. नव्वदीच्या पुढच्या एक आजी, खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या, अंगात जांभळा स्वेटर. चौदाव्या वर्षापासून मागावर काम केलेल्या. त्या सांगत होत्या की मागांच्या खोलीत शेकडो माग एकदम चालायचे, शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. मग बाया ओठांवरून बोलायला शिकल्या. आवाज न काढता, तोंड पूर्ण उघडून, प्रत्येक शब्द ओठांनी घडवून. खोलीच्या एका टोकाची बाई दुसऱ्या टोकाच्या बाईला कालच्या भांडणाची गोष्ट सांगू शकायची. गावात सवय इतकी मुरली की बाहेरही त्या तशाच बोलायच्या, काचेपलीकडून, रस्त्यापलीकडून. मुकादम तोंड वळवून काही पुटपुटला तर मागाला लावलेल्या छोट्या आरशातून वाचायच्या. मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं, थोडं करून दाखवाल का? आजींनी क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम तरुण बाईसारखा जागा झाला. ओठ लांबले, गोल झाले, भुवया उडाल्या, हात पोटापाशी गेला.

मी व्हिडिओ थांबवून परत लावला. मला टाइप करायला त्यात शब्दच नव्हते.

नाना चहाचा कप घेऊन माझ्या मागे येऊन उभे होते, हे मला खांद्यावर हात पडला तेव्हा कळलं. आवाज हेडफोनमध्ये, त्यांना ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि इंग्रजी तर त्यांना येतच नाही.

"ही बाई कुठल्या खात्यात होती?" त्यांनी विचारलं.

मी हेडफोन काढले. "कसलं खातं?"

"मशीनवर होती ना? बोलते बघ कशी. आम्ही प्रेसशॉपात असंच बोलायचो. पत्रा ठोकायचे दहा-बारा प्रेस एकदम पडायचे, काय ऐकू येणार? तोंडाकडं बघायचं." ते पडद्याकडे वाकले. "ही सांगतीय कोणतरी पोटुशी हाय. परत लाव."

मी लावला. खरोखरच, पुढच्या मिनिटाला आजींनी स्वतःच सांगितलं की त्या कुणाला तरी दिवस गेल्याची बातमी सांगून दाखवत होत्या.

नाना आत गेले. मी तशीच बसून राहिले. सातपूरचा रस्ता डोळ्यांसमोर आला. मग फोनवरचं "हो हो, बरं बरं". मग कुकर. मी उठले, स्वयंपाकघराच्या दारात गेले. नाना माझ्याकडे पाठ करून कप विसळत होते. मी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "नाना, तुमच्या शर्टाला मागे शाई लागलीय."

कप विसळत राहिले.

"नाना, मी आता घर सोडून चालले."

नळ बंद केला, कप उपडा घातला, वळले, मला पाहिलं. "काय गं?" म्हणाले, आणि त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांकडे नाही, माझ्या ओठांकडे गेले. किती वर्षं असं चाललं असेल आणि मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"काही नाही," मी म्हणाले. ते त्यांना नीट कळलं.

गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात कानाची तपासणी झाली. काचेच्या खोलीत नाना हेडफोन घालून बसले, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेरच्या मशीनवर मला दिसत होतं की आवाज वाजतो आहे, आणि नाना शांतपणे समोर बघत आहेत. जाड, खालचे आवाज त्यांना बऱ्यापैकी ऐकू येत होते. बारीक, वरचे आवाज जवळजवळ गेलेले. तपासणाऱ्या बाईंनी आलेख दाखवून सांगितलं की सतत ठोक्यांच्या आवाजात काम केलेल्यांचं असंच होतं. पुरुषांचं बोलणं थोडंफार कळतं, बायकांचं आणि मुलांचं निसटतं, शिट्टी, घंटी, पाखरं ऐकू येत नाहीत. "घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?" त्यांनी विचारलं.

आईच्या आलं होतं. हे मला त्या खुर्चीत बसल्यावर उमगलं. आई नेहमी नानांच्या दंडाला हात लावायची, ते वळले की मग बोलायची. पाहुणे असले की नानांच्या शेजारी बसून प्रत्येकाचं बोलणं दुसऱ्या शब्दांत परत म्हणायची, आम्ही तिला चिडवायचो की तू रेडिओ आहेस. तिने हे आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि बहुधा नानांनीही तिला कधी सांगितलं नसावं.

कानातली यंत्रं आली. पहिला दिवस नानांना सहन होईना. पंखा ऐकू यायला लागला, स्वतःच्या चपला ऐकू यायला लागल्या, रिक्षात बसल्यावर त्यांनी एक यंत्र काढून खिशात टाकलं. "एवढा कालवा कशाला पाहिजे?" म्हणाले. पण घरात, दुपारी, मी काम थांबवलं की ते यंत्रं घालून माझ्याजवळ येऊन बसायला लागले. विचारायचे, "आज काय म्हणतंय तुझं गाव?"

मग मी सांगायचे. आजींच्या गावात मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत ओढायला त्याला तोंड लावून श्वास आत ओढायचा, दिवसातून शेकडो वेळा, त्यात दात किडायचे. नाना म्हणायचे, आमच्याकडं प्रेसखाली बोटं जायची. बारा-बारा वर्षांची मुलं अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस गिरणी करायची आणि शाळेत बाकावर झोपायची. नंतर गिरण्यांत माणसं मिळेनात म्हणून दूर देशांतून लोक आले, आपल्याकडचेही, रात्रपाळ्या त्यांच्या वाट्याला. त्यातल्या एका आजोबांचं रेकॉर्डिंग मी नानांना मोठ्याने ऐकवलं. गुजराती माणूस, आणि तोंडात ती तिथलीच बोली, तोच गिळलेला 'द'. नानांना भाषा कळली नाही, पण ते म्हणाले, "हा तिथलाच झालाय."

एक गंमत त्या आजींच्याच फाईलमध्ये होती. कॉम्प्युटरने लिहिलं होतं, 'माझी आई ड्यूटी विणायची.' मला वाटलं, काहीतरी ऐकण्यात चूक आहे. दहा वेळा ऐकलं. ड्यूटी नाही, धूटी. धोती. त्यांची आई आयुष्यभर हिंदुस्थानात जाणारी धोतरं विणत होती, आणि तिला ते नेसतात कसं हे ठाऊक नव्हतं. नुसते लांबच लांब पांढरे पट्टे, कडेला बारीक किनार. मग इकडच्या लोकांनी विलायती कापड घ्यायचं थांबवलं, इकडे स्वतःच्या गिरण्या निघाल्या. तिकडची मागांची खोली एका सोमवारी उघडलीच नाही. आजी म्हणाल्या, आई घरी बसली आणि आठ दिवस पायरी घासत राहिली.

"म्हणजे आपल्या लोकांनी धोतर घेतलं नाय, म्हणून हिची आई घरी बसली?"

"तसंच म्हणायचं."

"बरोबरच केलं आपल्या लोकांनी," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण आठ दिवस पायरी घासली म्हणजे बाई."

त्यांची कंपनी बंद झाली तेव्हा त्यांनी काय केलं होतं, ते मी त्या दुपारी पहिल्यांदाच विचारलं. ते म्हणाले, "रोज डबा घेऊन जायचो की. तीन महिने. गेटवर बसायचो, डबा खायचो, यायचो. तुझ्या आईला माहीत होतं. ती भरून द्यायची."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी तेव्हा लग्न होऊन याच शहरात, सात-आठ किलोमीटरवर राहत होते.

असंच बोलता बोलता एक दिवस ते सहज म्हणाले, "करार कधी संपतो गं भाडेकरूचा?"

"का?"

"घरी जायचंय मला."

मी म्हणाले, "पण नाना, तुम्हीच तर हो म्हणाला होतात. आईच्या तेराव्याला सगळे बसलो होतो, तुम्हाला विचारलं, तुम्ही मान हलवलीत."

ते जरा हसले. "त्या दिवशी तुमची पंधरा माणसं एकदम बोलत होती. मला काय ठरतंय ते कळलंच नाय. तुझा नवरा माझ्याकडं बघून काहीतरी बोलला. चेहऱ्यावरून वाटलं चांगलंच असणार. हलवली मान. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरायला लागलीस तेव्हा समजलं."

"तेव्हा का नाही बोललात?"

"तू रडत रडत भरत होतीस."

मी उठून गॅलरीत गेले. कुंड्यांपाशी उभी राहिले, आत आले, परत गेले. दीड वर्ष हा माणूस न दिलेल्या होकाराखाली आमच्या घरात राहिला होता. आणि मी त्यांना म्हणाले होते की तुम्हाला ऐकायचंच नसतं.

भाडेकरू एक तरुण जोडपं होतं, नवरा अंबडला वेल्डर, एक लहान मुलगी. मी म्हणाले, त्यांना महिन्याची मुदत देऊ. नाना ठाम. "त्यांना उठवायचं नाय. करार संपू दे. मी थांबतो." साडेचार महिने थांबायचं होतं. मला खरं तर बरं वाटलं होतं, कारण आता कुठे आमचं बोलणं सुरू झालं होतं आणि मला ते सोडायचं नव्हतं. मी मनातून आशा धरली की एवढ्या दिवसांत ते विसरतील. ते विसरले नाहीत. जायचं ठरलंय म्हटल्यावर त्यांचं जिन्यात वरखाली करणं तेवढं थांबलं. मीच आता सारखी उठत होते.

त्याच सुमारास फायली संपत आल्या. शेवटच्या काही रेकॉर्डिंगमध्ये चिमण्या पाडल्याच्या आठवणी होत्या. दर वेळी सगळं गाव बघायला जमायचं, मुलांना खांद्यावर घेऊन. बुंध्याशी विटा काढून लाकडाचे टेकू द्यायचे आणि टेकूंना आग लावायची. चिमणी पडली की लोक टाळ्या वाजवायचे आणि मग घरी जाताना कोणी बोलायचं नाही. आता एका गिरणीत गालिच्यांचं दुकान आहे, एकीत महागडे फ्लॅट, एक नुसतीच उभी आहे आणि तिच्या छपरातून झाडं उगवली आहेत. टेकड्या आता रोज दिसतात. एक आजोबा म्हणाले की एवढ्या स्वच्छ टेकड्या बघून काय करायचं हे आमच्या पिढीला कधी कळलं नाही.

काम संपल्यावर मी ज्यांच्याकडे फायली पाठवायचे त्यांना मेल केला. जांभळ्या स्वेटरच्या आजी आहेत का अजून? रेकॉर्डिंग कधीचं होतं तेही मला ठाऊक नव्हतं. दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं की अशी माहिती देता येत नाही. मी ते उत्तर नानांना वाचून दाखवलं. "जाऊ दे," ते म्हणाले. "असेल तर बसली असेल खिडकीत."

करार संपला, जोडप्याला जवळच दुसरी खोली मिळाली. नाना एका रविवारी परत सातपूरला गेले. माझा नवरा आणि मी सामान पोचवायला होतो. भिंती त्या वेल्डरने जाताना स्वतः रंगवून दिल्या होत्या, निळ्या, जरा जास्तच निळ्या. नानांनी खुर्ची दारात ओढली आणि बसले. मी ओटा पुसला, परत पुसला, डबे लावले, गॅस तपासला. शेवटी नाना म्हणाले, "बाई, तू जा आता. लय झालं."

परतीच्या रस्त्यात मी नवऱ्याला दोनदा गाडी वळवायला सांगितलं आणि दोनदा नको म्हणाले.

सध्या मी एका क्लासमध्ये इंग्रजी बोलायला शिकवते. बरीच मुलं निफाड, सिन्नरकडची, उच्चारांना लाजणारी. मी त्यांचे उच्चार फारसे दुरुस्त करत नाही, त्याबद्दल क्लासच्या संचालकांनी एकदा विचारलंही. बुधवारी सुटी असते, तेव्हा सातपूरला जाते. नानांकडे त्यांचे प्रेसशॉपातले दोघं-तिघं येऊन बसलेले असतात. ते आले की नाना यंत्रं काढून ठेवतात, आणि मग त्या निळ्या खोलीत आवाजाशिवाय हसणं चालतं, मला त्यातलं निम्मंही कळत नाही. अर्धा तास बसते, मग मला राहवत नाही, उठून कॉलनीला एक फेरी मारून येते. नानांनी माझ्यासाठी दार उघडं ठेवलेलं असतं, कारण बेल वाजवून उपयोग नसतो. मी आत जाते, त्यांच्या समोर येऊन उभी राहते, ते बघतात, आणि मग मी बोलते.